एक गवत की दोन? मोजणीच्या आधीचा प्रश्न

रिसर्च प्रपोजल लिहिताना आपण थेट 'किती' विचारतो. पण मोजायचं नेमकं काय, हे आधी ठरलंय का? याचं छान उदाहरण म्हणजे ब्रोम गवत.

ब्रोमस इनर्मिस हे युरोप-आशियातलं बहुवर्षायू गवत. 1880च्या दशकात ते चाऱ्यासाठी उत्तर अमेरिकेत आणलं गेलं. आपल्या हरळीसारखं तेही जमिनीखालच्या आडव्या खोडांनी पसरतं आणि माती धरून ठेवतं. त्यामुळे रस्त्याकडेला आणि उजाड जमिनींवरही ते पेरलं गेलं. आज तिथल्या प्रेअरीत ते मूळच्या वनस्पतींना हटवणारं गवत म्हणून ओळखलं जातं.

पण अलास्का, युकॉन आणि रॉकी पर्वतात त्याचा एक सख्खा भाऊबंद आधीपासूनच आहे, ब्रोमस पम्पेलियानस. तो तिथला मूळचा.

दोघांना ओळखायचं कसं? इनर्मिस म्हणजे लॅटिनमध्ये 'निःशस्त्र'. त्याला कुसळ नसतं किंवा फार तर 3 मिमी असतं. फुलाचं बाहेरचं तूस आणि खोडाच्या गाठी बहुधा गुळगुळीत असतात. पम्पेलियानसचं कुसळ साधारण 1 ते 7.5 मिमी, तुसावर आणि गाठींवर लव असते. म्हणजे 2 मिमीचं कुसळ दोघांतही सापडू शकतं!

खरी गुंतागुंत पुढेच आहे. दोघांतही बहुतेकदा 56 गुणसूत्रं असतात, म्हणजे 7 चे आठ संच. त्यामुळे जिथे ते शेजारी वाढतात तिथे संकर होतो. काही वनस्पतिशास्त्रज्ञ या दोन वेगळ्या जाती मानतात, तर काही पम्पेलियानसला इनर्मिसचीच उपजात म्हणतात.

मग नुसत्या नावाने काय फरक पडतो? समजा, तुमच्या डेटाशीटमध्ये 'मूळचं' आणि 'बाहेरचं' असे दोनच कॉलम आहेत. संकरित रोप कुठल्या तरी एकात कोंबावं लागणार, आणि तिथेच निष्कर्ष झुकतो. त्या यादीवरून तणनाशक फवारलं तर मूळचं गवत मरू शकतं. पुनर्लागवडीसाठी 'देशी' म्हणून गोळा केलेलं बी संकरित निघू शकतं. शिवाय संकर वाढत गेला, तर गवत हिरवंगार दिसत असतानाच मूळ वाण हरवू शकतो.

म्हणून शेतात नाव नाही, लक्षणं नोंदवा: कुसळ किती मिमी, लव कुठे, गाठी कशा. प्रत्येक नोंदीमागे एक नमुना हर्बेरियममध्ये ठेवा. उद्या वर्गीकरण बदललं तरी तो पुन्हा तपासता येतो. तुलनेसाठी इनर्मिस येण्याआधीचे जुने नमुने शोधा, कारण पम्पेलियानस मुळात किती विविध होता हे कळल्याशिवाय 'मधल्या' रोपाला संकर म्हणता येत नाही.

डीएनए काढला की प्रश्न सुटला, असंही नाही बरं का. आठ संच असलेल्या वनस्पतीला दोन संचांसाठी बनवलेली गणितं जशीच्या तशी लावता येत नाहीत. हे सॅम्पल गोळा करण्याआधीच गाइडशी बोलून घ्या.

आणि तुमच्या प्रपोजलमध्ये 'जात' हा शब्द आला असेल, तर तो कोणत्या निकषावर वापरलाय, हे पद्धतीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.