उघड्या मानेची कोंबडी

ऊसवाल्याने कोंबडीवर का लिहावे, असे काहीजण म्हणतील. पण आडसाली लावणीपासून बिल हाती पडेपर्यंत दीड वर्ष जाते. तोवर मीठ-मिरचीचा खर्च पुष्कळ घरी परसातल्या अंड्यांवरच भागतो.

मानेला पिसे नसलेली कोंबडी रोगट समजून लोक बाजारात मिळेल त्या भावाने काढून टाकतात. तो रोग नव्हे, जातीचा गुण आहे. पिलू अंड्यातून निघते तेच उघडी मान घेऊन.

उसाची कांडी लावली की को ८६०३२ चा को ८६०३२ च येतो. कोंबडीत एक जनुक आईचे, एक बापाचे. उघड्या मानेचे जनुक जोरकस. एकच असले तरी मान उघडी पडते, फक्त गळ्यापुढे पिसांचा लहान झुपका राहतो. दोन्हीकडून आले तर झुपकाही जवळजवळ नाही. म्हणून कोंबडा घेताना गळा बघावा. बिनझुपक्याचा साध्या माद्यांत सोडला तर सारी पिले उघड्या मानेची. झुपकेवाला सोडला तर सरासरी निम्मी. साध्या मानेच्या जोडीतून मात्र हा गुण निघत नाही.

फायदा दिसतो तो एप्रिल-मेच्या उन्हात. एका जनुकाने सुमारे ३० टक्के, दोहोंनी ४० टक्के पिसे घटतात. अंगातली उष्णता बाहेर पडते, खाणे तितके कमी होत नाही. इज्जतनगरच्या पक्षी संशोधन संस्थेची 'हितकारी' याच गुणावर बेतलेली आहे.

नर-मादी दोन्ही उघड्या मानेची मात्र ठेवू नका. दोन जनुकांची पिले अंड्यातच जास्त मरतात. आणि थंडीत खुराड्याला गोणपाट लावा, पाचट अंथरा. पाचट आपल्याकडे आहेच!