बाकाचे भोक रुंद करू नका, खुंटी तासा

शेतकरी बंधूंनो, पडवीत बाभळीच्या फळीचे घरगुती बाक करून त्यावर कुदळीचे दांडे, खुरप्याच्या मुठी तासणारे तुमच्यात पुष्कळ असतील. दांडा अडवायला भोकांत खुंट्या बसवलेल्या असतात. श्रावणात खुंटी ओल धरून फुगते, भोकात शिरेनाशी होते. मग आपण लागलीच कानस घेऊन भोकच रुंद करतो. चैत्रात तीच खुंटी सुकून खुळखुळते, ऐन वेळी दांडा सरकतो आणि पटाशी डाव्या पंजात घुसते! खुंटीच तासावी. बिघडली तर दुसरी फुकटात होते.

भोक सैल झालेच असेल तर भुसा आणि सरस कालवून भरू नका, खुंटीच्या दाबाने ते भरण फुटते. उन्हाळ्यात पटाशीने भोक चौकोनी करा. सुक्या बाभळीचा ठोकळा, रेषा फळीच्या रेषांच्याच दिशेने ठेवून, सरस लावून घट्ट ठोका. एक दिवस वाळू द्या, मग रंधा मारा. पाऊण इंची गिरमिटाचे टोक खाली दिसताच थांबा व उरलेले भोक उलट्या बाजूने पाडा. ढलपी निघत नाही.