जबड्याची जखम लवकर का भरत नाही?

शिवडीहून परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. १९४१ पासून इथे गावोगावचे पेशंट येतात, काही जण उपचार संपेपर्यंत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात. तंबाखू, मिश्री, गुटख्यामुळे होणारा तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे खूप. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, रिपोर्टही चांगले आले. मग वर्षभरानंतरही हिरडीतून हाड उघडं का दिसतं? घरचे म्हणतात, 'नीट काळजी घेत नाहीस.' पण बऱ्याचदा कारण वेगळंच असतं.

जखम भरायला रक्त लागतं. खालच्या जबड्याला रक्त देणारी मुख्य धमनी हाडाच्या आतूनच जाते. सहा-सात आठवड्यांत साधारण ६० ते ६६ ग्रे इतकं रेडिएशन दिलं जातं. त्यात कॅन्सरच्या पेशी मरतात, पण बारीक रक्तवाहिन्याही आकसतात आणि हाड बांधणाऱ्या पेशी कमी होतात. १९८३ मध्ये रॉबर्ट मार्क्स यांनी हेच मांडलं: तिथे ऑक्सिजन कमी, पेशी कमी, रक्तवाहिन्या कमी. पुढच्या संशोधनाने त्यात एक भर घातली, ती म्हणजे तिथल्या ऊतींचं घट्ट, निबर होत जाणं. उघडं हाड तीन महिने भरून आलं नाही आणि कॅन्सर परतलेला नसेल, तर त्याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. म्हणून पहिलं काम, कॅन्सर परत आला नाही ना, हे तपासून घेणं.

हा धोका वर्षानुवर्षं राहतो आणि बऱ्याचदा निमित्त होतं दात काढण्याचं. त्यामुळे खराब दात रेडिएशनच्या आधीच काढतात. नंतर काढायची वेळ आली, तर दाब वाढवलेल्या चेंबरमध्ये शुद्ध ऑक्सिजन देऊन हाड वाचेल, अशी आशा होती. २०१९ मध्ये होपॉन चाचणीचे निकाल आले: ऑक्सिजन घेतलेल्यांत ६.४ टक्के, न घेतलेल्यांत ५.७ टक्के जणांना हा त्रास झाला. म्हणजे फायदा दिसला नाही. या खर्चात पडण्याआधी डॉक्टरांना हे जरूर विचारा.

त्रास थोडा असेल तर स्वच्छता, अँटिबायोटिक, कधी पेंटॉक्सिफायलिन आणि ई जीवनसत्त्व देतात. हाड जास्त खराब असेल तर ते काढून पायाचं फिब्युला हाड बसवतात. त्याची रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला जोडतात, म्हणजे नवं हाड स्वतःचा रक्तपुरवठा घेऊनच येतं.

घरी काय करायचं? तंबाखू पूर्ण बंद, कारण निकोटीन उरल्यासुरल्या रक्तवाहिन्याही आकसवतं. मऊ भात-वरण, अंडं, दही असं प्रथिनं देणारं खाणं. डॉक्टरांनी सांगितलेले तोंड उघडण्याचे व्यायाम. पू, दुर्गंधी, वाढती दुखणी किंवा ओठ बधिर होणं दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आणि रेडिएशनचा कागद, कुठे दिलं आणि किती दिलं हे लिहिलेला, जपून ठेवा. नाक्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे गेलात तर आधी तो दाखवा, मग तोंड उघडा.