दुसऱ्या भाषेतली पहिली कादंबरी

मुलांनो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी उर्दू बोलली जाते. शाळेत गणित आणि विज्ञानही तुम्ही उर्दूतच शिकता. मराठी ही तुमची दुसरी भाषा. बाजारात, बसस्थानकावर, कचेरीत ती रोज तुमच्या कानांवर पडते. तुम्ही तिच्यात निबंध लिहिता, पत्रे लिहिता. पण तिच्यात एखादी कादंबरी लिहावी, असे तुमच्या मनात कधी आले आहे का?

“दुसऱ्या भाषेत कादंबरी? आधी निबंधातल्या चुका तरी कमी होऊ द्या!” असे तुम्ही म्हणाल. भाषा पूर्ण आल्याशिवाय तिच्यात काही लिहायचे नाही, असे आपण सगळेच समजतो. हे समजणे कितपत बरोबर आहे? ते ठरवण्याआधी एका खलाशाची हकिकत वाचा.

या खलाशाचे नाव युझेफ कॉनरॅड कोझेनिओव्हस्की. त्याचा जन्म ३ डिसेंबर १८५७ रोजी बेर्दिचिव या गावी झाला. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. त्या वेळी तिथे रशियाच्या बादशहाचे राज्य होते. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरीही त्याच साली, १८५७ मध्ये, प्रसिद्ध झाली.

मुलाच्या घरची भाषा पोलिश होती. वडील कवी होते. शेक्सपिअरची नाटके त्यांनी पोलिश भाषेत आणली होती. पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी झटल्यामुळे सरकारने त्यांना कुटुंबासह दूरच्या थंड प्रदेशात पाठवून दिले. १८६५ साली आई वारली, १८६९ साली वडीलही गेले. पुढे मामाने मुलाचा सांभाळ केला. पण मुलाला ओढ होती समुद्राची. १८७४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात गेला आणि जहाजावर काम करू लागला. फ्रेंच भाषा तो लहानपणीच शिकला होता.

१८७८ साली तो इंग्लंडच्या लोस्टॉफ्ट बंदरात उतरला. तेव्हा त्याचे वय २० वर्षांचे होते आणि इंग्रजीचे मोजकेच शब्द त्याला ठाऊक होते. किनाऱ्याकिनाऱ्याने कोळसा वाहून नेणाऱ्या एका लहान जहाजावर त्याला काम मिळाले. तिथले साधे खलाशी हेच त्याचे इंग्रजीचे पहिले शिक्षक. दोर ओढताना आणि शिडे बांधताना जे शब्द कानांवर पडत, ते तो उचलत गेला. १८८० साली त्याने जहाजावरील अधिकाऱ्याची पहिली परीक्षा दिली आणि १८८६ साली कप्तानाची परीक्षाही तो उत्तीर्ण झाला. या सगळ्या परीक्षा इंग्रजीत होत्या.

१८८९ सालची गोष्ट. कॉनरॅड त्या वेळी ३१ वर्षांचा होता. हाती जहाज नसल्यामुळे लंडनमध्ये एक भाड्याची खोली घेऊन तो राहत होता. शरद ऋतूतल्या एका सकाळी त्याने घरमालकिणीच्या मुलीला टेबलावरची न्याहारीची भांडी उचलायला सांगितले आणि तो लिहायला बसला. पत्रांखेरीज त्याने तोवर फारसे काही लिहिलेले नव्हते. कादंबरीचा आराखडाही त्याच्यापुढे नव्हता. तरी त्या दिवशी त्याने ‘ऑलमेयर्स फॉली’ या आपल्या पहिल्या कादंबरीची सुरुवात केली, आणि तीही इंग्रजीत. ती त्याची दुसरी भाषाही नव्हती. पोलिश आणि फ्रेंच यांच्यानंतरची ती तिसरी भाषा होती.

कादंबरीची प्रकरणे १२ आणि ती लिहायला लागली साधारण साडेचार वर्षे. ते कागद त्याच्याबरोबर जगभर फिरले. १८९० साली ते आफ्रिकेतल्या काँगो नदीवर गेले. एकदा बर्लिनच्या स्टेशनवर गाडी बदलण्याच्या घाईत कागदांची बॅग उपाहारगृहात राहून गेली. एका प्रामाणिक हमालाने ती परत आणून दिली. दहाव्या प्रकरणावर तो काम करत होता, तेव्हा त्याचे जहाज फ्रान्समधल्या रुआँ बंदरात अडकून पडले होते. एक तरुण अधिकारी त्याच्या खोलीत डोकावला आणि काय लिहिता आहात, असे त्याने विचारले. कॉनरॅडने उत्तर न देता कागद झाकून टाकले. जहाजावर मोठ्या हुद्द्यावर काम करणाऱ्या माणसालाही आपले लिखाण दाखवायला संकोच वाटत होता!

एकाच वाचकाला मात्र त्याने ते कागद आपणहून दिले होते. १८९२ साली तो ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या जहाजावर नोकरीला होता. केंब्रिजमध्ये शिकलेला एक तरुण त्या जहाजातून प्रवास करत होता. कॉनरॅडने त्याला लिहून झालेली प्रकरणे वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी त्याने त्या तरुणाला थोडेच प्रश्न विचारले. ही गोष्ट पूर्ण करण्याजोगी आहे का? वाचताना रस वाटला का? आणि गोष्ट स्पष्ट समजते का? तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला. व्याकरणाच्या किती चुका झाल्या, असे त्याने विचारले नाही. ते काम नंतर करता येते.

१८९४ च्या एप्रिलमध्ये कादंबरी पुरी झाली आणि १८९५ च्या एप्रिलमध्ये लंडनला छापली गेली. तिच्या हक्कांबद्दल लेखकाला २० पौंड मिळाले. या कादंबरीने तो श्रीमंत झाला नाही. पण तो लिहीत राहिला आणि आज इंग्रजीतल्या मोठ्या कादंबरीकारांत जोसेफ कॉनरॅड हे नाव घेतले जाते. विशेष म्हणजे बोलताना त्याचे परके उच्चार शेवटपर्यंत गेले नाहीत. भाषा आधी पूर्ण येऊ दे, मग लिहीन, असे तो म्हणाला असता, तर १९२४ साली मरेपर्यंत त्याला एक ओळही लिहिता आली नसती.

मग त्याच्यापाशी होते तरी काय? त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही तरी होते. १८८७ साली एका अरब व्यापाऱ्याच्या ‘विडार’ नावाच्या जहाजावर तो काम करत होता. ते जहाज सिंगापूरहून बोर्निओ बेटाकडे जाई. तिथे बेराऊ नदीच्या काठी त्याला ओल्मेयर नावाचा एक व्यापारी भेटला. त्या माणसाची मोठमोठी स्वप्ने, ती नदी, ते दमट जंगल कॉनरॅडच्या मनातून जाईनात. पुढे हाच ओल्मेयर कादंबरीत ‘ऑलमेयर’ झाला. लंडनमधल्या लेखकांना कॉनरॅडपेक्षा चांगली इंग्रजी येत होती, पण ती नदी त्यांनी पाहिलेली नव्हती.

आता तुमच्याकडे वळू या. तुमच्याही ओळखीची अशी एखादी नदी असेलच. मालेगावच्या किंवा भिवंडीच्या मुलाने यंत्रमागांची खडखड पाळण्यात ऐकलेली असते. कांड्या भरणाऱ्या आजीची बोटे कशी चालतात, वीज गेल्यावर सगळी गल्ली एकदम कशी शांत होते, हे त्याला ठाऊक असते. मराठीच्या कितीतरी वाचकांनी ते पाहिलेले नाही. म्हणून सुरुवात करताना राजवाडे आणि परदेश शोधत बसू नका. पाहिलेली एक जागा घ्या. त्या जागी एक माणूस उभा करा. त्याला काय हवे आहे आणि ते त्याला का मिळत नाही, एवढे ठरवा. कादंबरी तिथून सुरू होते.

दुसरी गोष्ट भाषांतराची. आधी उर्दूत लिहायचे आणि मग त्याचे मराठी करायचे, अशी पुष्कळ मुलांची सवय असते. निबंधात ती एक वेळ चालून जाते, पण गोष्टीत ती घात करते. उर्दूत आपण म्हणतो, ‘गर्मी लग रही है’. त्याचे शब्दाला शब्द मराठी करू लागलात, तर वाक्य लंगडे होईल. मराठी माणूस एवढेच बोलतो : ‘उकडते आहे’. उर्दूत ‘दिल भर आया’ म्हणतात, मराठीत ‘मला भरून आले’ म्हणतात. म्हणून वाक्य लहान असले तरी चालेल, पण ते मराठीतच सुचू द्या. बाजारात, बसमध्ये लोक कसे बोलतात ते कान देऊन ऐका आणि वहीत टिपून ठेवा. कॉनरॅडनेही असेच केले होते.

तिसरी गोष्ट शब्दांची. या दोन भाषांची ओळख जुनी आहे. लिहायला बसल्यावर तुमच्यापुढे असतात तो कागद, ती दौत आणि ती शाई हे तिन्ही शब्द मराठीत फारसी-अरबीतूनच आले. मात्र काही शब्दांचा अर्थ दोन्ही भाषांत वेगवेगळा आहे. उर्दूत ‘खाली’ म्हणजे रिकामा, मराठीत ‘खाली’ म्हणजे तळाकडे. उर्दूत ‘शिकस्त’ म्हणजे हार. मराठीत ‘प्रयत्नांची शिकस्त करणे’ म्हणजे शक्य तेवढे सगळे प्रयत्न करणे. अशा शब्दांपाशी थोडे थांबून विचार करा. पण तुमच्या पात्रांच्या तोंडचे ‘अम्मी’, ‘आपा’, ‘दस्तरखान’ हे शब्द काढून टाकू नका. ती माणसे जशी आहेत तशीच मराठीत येऊ द्या.

चौथी गोष्ट सवयीची. रोज १० ओळी लिहा. वर्षाला ३६५० ओळी होतील. एका पानावर २५ ओळी धरल्या, तर वर्षाअखेरीस तुमच्या हातात १४६ पाने असतील. लिहिताना चुका होतीलच. पण प्रत्येक ओळ खोडत बसलात, तर दुसरे पान कधीच उजाडणार नाही. आधी प्रकरण पुरे करा, मग लिंग, वचन आणि विभक्ती तपासा. उर्दूत ‘किताब’ स्त्रीलिंगी, मराठीत ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी. असा गोंधळ सर्वांचाच होतो आणि तो दुरुस्तही करता येतो. शेवटी, मराठी ज्याच्या घरची भाषा आहे अशा एखाद्या मित्राला ती पाने वाचायला द्या आणि कॉनरॅडचे तीन प्रश्न त्याला विचारा.

एक शंका मात्र तुमच्या मनात राहील. दुसऱ्या भाषेत लिहिले, तर आपली भाषा मागे पडणार नाही का? कॉनरॅडवरही हाच आरोप झाला होता. १८९९ साली एलिझा ओझेश्कोवा या नामवंत पोलिश लेखिकेने त्याच्यावर कडक टीका केली. आपल्या देशाची बुद्धी तो परक्यांना देतो, अशी तिची तक्रार होती. ज्या देशाची भाषाच दडपली जात होती, त्या देशातल्या लेखिकेला असे वाटणे स्वाभाविक होते. कॉनरॅडला ही टीका फार लागली. पण आपण पोलिश आहोत हे त्याने कधी लपवले नाही. आडनाव इंग्रजांना उच्चारता येत नव्हते, तरी त्याने परके नाव घेतले नाही. स्वतःच्याच नावातले दोन शब्द घेऊन तो लिहीत राहिला.

आपल्या देशात पाहा. मुन्शी प्रेमचंद उर्दूत लिहीत होते. त्यांनी ‘बाजार-ए-हुस्न’ ही कादंबरी उर्दूत लिहिली, पण ती आधी छापली गेली हिंदीत, ‘सेवासदन’ या नावाने. पुढे ते हिंदीतले मोठे कादंबरीकार झाले, तरी उर्दू त्यांनी सोडली नाही आणि उर्दूनेही त्यांना परके मानले नाही. धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरी मराठी बोलत. त्यांनी कन्नडमध्ये काव्य लिहिले आणि १९७३ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक मिळवले. ते मराठीतही लिहीत असत. दुसरी भाषा घरात आली म्हणून पहिलीला बाहेर जावे लागत नाही.

मुलांनो, तुमच्या गल्लीची गोष्ट आज ना उद्या मराठीत कोणीतरी लिहीलच. ज्याने ती गल्ली दुरून पाहिली आहे, तो ती दुरूनच सांगेल. जो तिथे वाढला, त्याने सांगितली तर मराठी वाचकाला ती जवळून कळेल. त्यासाठी फार मोठी तयारी नको. एक वही घ्या, टेबलावरची भांडी उचला आणि पहिले वाक्य लिहा.