जुन्या पियानोंचे विश्वस्त

हिंदी चित्रपटांच्या कृष्णधवल जमान्यात श्रीमंताचे घर दाखवायचे म्हटले, की दिग्दर्शकाला दोन गोष्टी हमखास लागत. एक वळणदार जिना आणि दुसरा त्याच्या पायथ्याशी ठेवलेला पियानो. पाहुण्यांच्या गर्दीत नायक पियानोवर बसे आणि मनातील व्यथा गाण्यातून सांगे. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात कधी या वाद्याला हात लावलेला नाही, अशा असंख्य भारतीयांनाही त्याचे रूप ओळखीचे आहे. मात्र पियानोला हे रूप लाभण्यापूर्वी दीडशे वर्षांचा प्रवास घडला होता. त्या प्रवासाच्या खुणा अंगावर बाळगणारे जुने पियानो आज जगभरातील संग्रहालयांत आणि मोजक्या रसिकांच्या घरी जपले जात आहेत. या वाद्यांची आणि ती जपणाऱ्यांची कथा मोठी उद्बोधक आहे.

फ्लॉरेन्सचा कारागीर

पियानोचा जनक बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याचा जन्म १६५५ साली इटलीतील पादुआ येथे झाला. १६८८ च्या सुमारास टस्कनीचा राजपुत्र फर्दिनांदो मेदिची याने त्याला आपल्या वाद्यांची देखभाल करण्यासाठी फ्लॉरेन्सला आणले. त्या काळी हार्पसिकॉर्ड हे वाद्य लोकप्रिय होते. त्याची पट्टी दाबली, की आत पक्ष्याच्या पिसाचे टोक तार छेडत असे. सतारीची तार नखीने छेडावी, तसाच हा प्रकार. परंतु सतारवादक आपला आघात हवा तसा हलका किंवा जोरकस करू शकतो. हार्पसिकॉर्डची पट्टी अलगद दाबा किंवा जोराने, नाद जवळजवळ तेवढाच उमटतो.

ही उणीव दूर करण्यासाठी क्रिस्तोफोरीने पिसाच्या जागी छोटी हातोडी बसविली. काश्मीरच्या संतूरमध्ये वादक हातातील कलमांनी तारांवर आघात करतो. येथे ते काम पट्टीला जोडलेल्या हातोडीकडे आले. खरी अडचण पुढेच होती. हातोडी तारेला टेकून राहिली, तर नाद तेथेच विझतो. म्हणून पट्टी दाबलेली असतानाही हातोडीने आघात करून तत्काळ मागे फिरले पाहिजे. ही सुटका घडविणारी यंत्रणा हेच क्रिस्तोफोरीच्या प्रतिभेचे खरे लेणे होय.

मेदिची घराण्याच्या १७०० सालच्या वाद्यसूचीत हळू आणि मोठा असे दोन्ही नाद काढणाऱ्या एका नव्या वाद्याची नोंद आढळते. इटालियन भाषेत ‘पियानो’ म्हणजे हळू आणि ‘फोर्ते’ म्हणजे मोठ्याने. या वर्णनातूनच पुढे ‘पियानोफोर्ते’ आणि मग ‘पियानो’ हे नाव रूढ झाले. एका कारकुनी नोंदीने जगाला या वाद्याचा जन्मदाखला दिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १७११ मध्ये शिपिओने मफेई या विद्वानाने आकृतीसह या वाद्यावर लेख लिहिला. १७२५ मध्ये त्याचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध झाला आणि गॉटफ्रीड झिल्बरमान या कारागिराने जर्मनीत पियानो बनविण्यास प्रारंभ केला. १७४७ मध्ये थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख याने पॉट्सडाम येथे प्रशियाच्या राजासमोर त्याचेच पियानो वाजविले.

दरबारातून दिवाणखान्यात

राजेरजवाड्यांचे हे वाद्य मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले ते लंडनमध्ये. जर्मनीहून तेथे आलेल्या योहानेस त्सुम्पे याने १७६६ च्या सुमारास मेजासारखा आटोपशीर चौकोनी पियानो बाजारात आणला. पुढील शतकात सुधारणांची रीघ लागली. १८२१ मध्ये एरार्ड यांच्या यंत्रणेमुळे एकच स्वर वेगाने पुन्हा पुन्हा वाजविणे शक्य झाले. १८२५ मध्ये बोस्टनच्या आल्फियस बॅबकॉक याने अखंड ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले. १८५९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टाइनवे यांनी ग्रँड पियानोत तारांचा एक संच दुसऱ्यावरून तिरपा नेण्याच्या रचनेचे पेटंट मिळविले. क्रिस्तोफोरीच्या १७२६ च्या पियानोला ४९ पट्ट्या आहेत; आजच्या पियानोला ८८ असतात. आजच्या मोठ्या पियानोतील तारांचा एकत्रित ताण सुमारे वीस टन भरतो. लाकडी चौकटीला हा भार पेलणे शक्यच नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिवाणखान्यातील पियानो ही इंग्लंडमध्ये प्रतिष्ठेची खूण बनली आणि तो हप्त्याने मिळू लागला. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला ‘हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज’ हा १८९५ सालचा खटला एका पियानोचाच होता. दरमहा दहा शिलिंग सहा पेन्सप्रमाणे छत्तीस हप्ते भरल्यावर पियानो ग्राहकाच्या मालकीचा होणार होता. काही हप्ते भरून त्या गृहस्थाने पियानो सावकाराकडे गहाण टाकला! ग्राहकाने खरेदीचे बंधन स्वीकारलेले नव्हते, केवळ पर्याय त्याच्या हाती होता. म्हणून पियानो मूळ मालकाचाच, असा निर्णय ब्रिटिश उमराव सभेने दिला. भाडे-खरेदीच्या कायद्याची बैठक या निकालाने पक्की झाली.

१९०९ या एका वर्षात अमेरिकेत साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. त्यानंतर ग्रामोफोन आणि रेडिओ आले. घरबसल्या संगीत ऐकण्याची सोय झाल्यावर ते वाजविण्याची निकड उरली नाही आणि लक्षावधी पियानो अडगळीत गेले.

तीन पियानो, तीन प्राक्तने

क्रिस्तोफोरीने बनविलेल्या पियानोंपैकी आज केवळ तीन अस्तित्वात आहेत.

पहिला, १७२० सालचा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तेथे तो पोहोचला याचे श्रेय मेरी एलिझाबेथ ब्राऊन या महिलेस जाते. ब्राऊन ब्रदर्स या न्यूयॉर्कमधील पेढीचे भागीदार जॉन क्रॉस्बी ब्राऊन यांच्या त्या पत्नी. पेढीचे परदेशातील हितसंबंध, धर्मोपदेशक, मित्रमंडळी अशा सर्वांना कामास लावून त्यांनी जगभरातील वाद्ये मिळविली. १८८९ पासून त्यांनी आपला संग्रह संग्रहालयाच्या स्वाधीन करण्यास आरंभ केला. १९१८ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत वाद्यांची संख्या साडेतीन हजारांच्या वर गेली होती. वैभव मिरविण्यासाठी वस्तू जमविणारे पुष्कळ असतात. या बाईंनी जमविले ते समाजाच्या हवाली करण्यासाठी.

दुसरा पियानो १७२२ चा. तो रोमच्या राष्ट्रीय वाद्यसंग्रहालयात आहे. किडीने लाकूड पोखरल्यामुळे तो वाजविता येत नाही.

तिसरा, १७२६ चा, जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. त्याच्या प्रवासाला करुणेची किनार आहे. फ्लॉरेन्सच्या बॅरन क्राउस यांचा संग्रह कोलोनचे कागदाचे व्यापारी विल्हेल्म हायर यांनी १९०८ मध्ये विकत घेतला. हायर यांच्या मृत्यूनंतर १९२६ मध्ये त्यांचा संपूर्ण संग्रह लाइपझिग विद्यापीठाने घेतला. आठ लाख मार्कांपैकी दोन लाख मार्क हेन्री हिनरिकसेन या संगीतप्रकाशकाने आपल्या पदरचे दिले. हिनरिकसेन ज्यू होते. नाझी राजवटीने त्यांचा व्यवसाय हिरावून घेतला आणि १९४२ मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी बॉम्बवर्षावात संग्रहालयाच्या इमारतीची आणि अनेक वाद्यांची हानी झाली. १७२६ चा पियानो मात्र या साऱ्यांतून वाचला.

जपावे की वाजवावे?

जुनी नाणी किंवा चित्रे जपणाऱ्यास न पडणारा एक प्रश्न वाद्यांच्या संग्राहकापुढे सतत उभा असतो. नाद हेच ज्याचे प्रयोजन, ते वाद्य मुके ठेवावे काय? आणि वाजते करावे, तर झिजलेले भाग बदलल्यावाचून गत्यंतर नसते.

न्यूयॉर्कच्या पियानोची गोष्ट या दृष्टीने विचार करायला लावणारी आहे. तारांचा कंप पसरवून नाद भरदार करणारी पातळ फळी, म्हणजे त्याचा ध्वनिफलक, १९३८ मध्ये बदलण्यात आला. त्याच्या स्वरांचा पल्लाही पूर्वीच्या कारागिरांनी सरकविला होता. आज तो वाजतो. पण क्रिस्तोफोरीच्या कानांनी ऐकलेला नाद त्यातून पुन्हा ऐकू येणे नाही. उलटपक्षी रोमचा पियानो मुका आहे. दुरुस्ती करणाऱ्याने काढून टाकलेला प्रत्येक मूळ भाग म्हणजे इतिहासाचा फाडलेला एक कागद असतो.

तरीही वाजविण्याचा पक्ष दुबळा नाही. लंडनच्या ब्रॉडवुड कंपनीने बेटहोव्हेनला भेट पाठविलेला पियानो १८१८ मध्ये त्याच्याकडे पोहोचला, तेव्हा त्याची श्रवणशक्ती जवळजवळ लोपली होती. हा पियानो पुढे फ्रान्झ लिस्ट या विख्यात वादकाकडे आला आणि त्याने तो हंगेरियन राष्ट्रीय संग्रहालयास दिला. १९९० च्या दशकाच्या आरंभी तज्ज्ञांनी तो काळजीपूर्वक वाजता केला आणि त्यावर ध्वनिमुद्रणही झाले. इंग्लंडच्या केंट परगण्यात रिचर्ड बर्नेट या वादकाने फिंचकॉक्स या वाड्यात शंभराहून अधिक जुनी वाद्ये जमविली. त्यांतील अनेक वाजती होती आणि पाहुण्यांनाही ती वाजवू दिली जात. २०१५ मध्ये ते संग्रहालय बंद झाले आणि पुढील वर्षी बहुतांश वाद्यांचा लिलाव झाला. एका व्यक्तीच्या हिमतीवर उभा राहिलेला संग्रह त्या व्यक्तीनंतर कोणी सांभाळावा, हा प्रश्न त्या लिलावाने पुन्हा ऐरणीवर आणला.

यातून एक मधला मार्ग निघाला आहे. मूळ वाद्याला धक्का न लावता त्याची मोजमापे घेऊन प्रतिकृती बनवायची आणि मैफलीत ती वाजवायची. मूळ वाद्य अभ्यासकांसाठी सुरक्षित राहते आणि श्रोत्यांना त्या काळच्या नादाची कल्पना येते.

किंमत आणि मोल

‘जुने ते सोने’ ही म्हण पियानोला सरसकट लागू पडत नाही. व्हायोलिन जुने झाले की बहुधा मौल्यवान होते. पियानोत हजारो हलते भाग असल्यामुळे तो वयाबरोबर थकतो. दुरुस्तीचा खर्च अनेकदा बाजारभावाहून अधिक होतो. गुंतवणूक म्हणून जुना पियानो घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे. भाव कडाडतो तो बहुधा वादकाच्या पुण्याईने. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध झाला. १९७५ मध्ये घेतलेला त्याचा यामाहा पियानो २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात सतरा लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला.

आपल्याकडे मुंबई, गोवा, कोलकाता येथील काही जुन्या घरांत आजही वडिलोपार्जित पियानो आहेत. दमट हवा हा त्यांचा मोठा शत्रू. पावसाळ्यात लाकूड फुगते, तारांना गंज चढतो, लोकरीच्या नमद्याला कसर लागते. म्हणून काही घरांत पियानोच्या आत कमी वॅटचा दिवा लावून ठेवण्याची पद्धत आहे. पियानो बाहेरच्या भिंतीला टेकवून अथवा थेट उन्हात ठेवू नये. जुन्या पट्ट्यांवर हस्तिदंताचा पातळ थर असू शकतो. भारतात हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद आहे आणि अनेक देशांत त्यावर कडक निर्बंध आहेत. त्यामुळे विक्रीपूर्वी कायदेशीर सल्ला घेणे अगत्याचे ठरते.

पियानोचे वय शोधणे मात्र घरबसल्याही सुरू करता येते. झाकण उघडल्यावर आत बहुधा अनुक्रमांक दिसतो. मोठ्या उत्पादकांच्या अनुक्रमांकांच्या वर्षवार याद्या उपलब्ध आहेत. चौकट लाकडी की लोखंडी, पट्ट्या किती, तारा सरळ की तिरप्या, यांवरूनही काळाचा अंदाज बांधता येतो. हाती लागलेली माहिती, तसेच पियानो घरात कोणी व केव्हा आणला आणि त्यावर कोण वाजवीत असे, हे कुटुंबातील वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहावे व जुन्या पावत्यांसह जपून ठेवावे. दुरुस्तीला देताना काढलेला एकही भाग फेकू न देण्याची ताकीद कारागिराला द्यावी आणि काय बदलले तेही त्याच कागदावर तारखेसह नोंदवावे. पुढे पियानो दुसऱ्याच्या घरी गेलाच, तर तो कागदही त्याच्यासोबत द्यावा.