ख्रिस्तसेवेचे माप कोणते?

आज नाताळ. एरवी अर्धी रिकामी असणारी ख्रिस्तमंदिरेही आज ओसंडून वाहतील. परंतु धर्मसेवा सफल झाली हे या गर्दीवरून ठरवावे काय, हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीला तिच्या जन्मापासून चिकटलेला आहे. पेंटेकॉस्टच्या दिवशी सुमारे ३,००० माणसे मंडळीत आली, अशी नोंद 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात आवर्जून केलेली आढळते. उलट त्याच बायबलात दावीद राजाने प्रजेची शिरगणती केली म्हणून ईश्वराचा कोप ओढवल्याची कथाही आहे. आणि ९९ मेंढरे रानात सोडून हरवलेल्या एकाच्या शोधार्थ निघणारा मेंढपाळ तर हिशेबी माणसाला वेडाच वाटावा!

मिशनांच्या कारभारात मात्र बाप्तिस्म्याच्या नोंदवहीला मोठा मान असे. विल्यम केरी १७९३ साली बंगालमध्ये आला. त्याच्या कार्यातील पहिला बाप्तिस्मा, कृष्ण पाल या सुताराचा, १८०० च्या डिसेंबरात झाला. सात वर्षे वही कोरीच होती. त्या काळात भाषा शिकण्याचे व भाषांतराचे जे कष्ट त्याने उपसले, त्यांसाठी वहीत रकाना नव्हता. याच केरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, हे आपण विसरू नये.

पुढे अमेरिकन मिशनचा चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. त्याचे माप निराळे होते. स्थानिक मंडळीने आपला कारभार, आपला खर्च व आपला प्रचार स्वतः चालवावा, आणि मिशनऱ्याने तेथून निघून जावे. विचार थोर खरा; परंतु मिशनची सूत्रे गोऱ्या हातांतून सुटण्यास फार काळ जावा लागला.

याची सर्वांत तीव्र वेदना रेव्हरंड नारायण वामन टिळकांना झाली. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घर दुभंगले. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त ते दुःख लिहून ठेवले आहे. अशी किंमत मोजलेल्या माणसाला धर्मांतराचे आकडे प्रिय असावेत, असे कोणासही वाटेल. घडले ते वेगळेच. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही तेथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून स्थान होते. मिशनच्या अहवालात अशा माणसांना कोणत्या रकान्यात घालणार? हिंदू मनाला धर्मांतराचे जे शल्य बोचते, ते टिळकांना ठाऊक होते. ख्रिस्त परकीय वेषात आपल्या दारी येऊ नये, ही त्यांची तळमळ होती. आपल्या अभंग-कीर्तनाच्या परंपरेतला माणूस दुसरे काय म्हणणार? वारकऱ्याची भक्ती त्याच्या वाऱ्यांच्या संख्येवरून कोण ठरवितो?

दामोह येथे १८९७ साली जन्मलेले डोनाल्ड मॅकगॅव्हरन हे पुढे संख्येचे मोठे पुरस्कर्ते ठरले. मध्य भारतातील मिशनकार्यात वर्षानुवर्षे राबूनही मंडळ्या का वाढत नाहीत, हा त्यांचा सवाल होता, आणि तो अप्रामाणिक नव्हता. न मोजणाऱ्याला आपले अपयश झाकणेही सोपे जाते. तरीही टिळकांचे उदाहरण त्या मापात बसत नाही. १९१९ च्या मे महिन्यात ते निवर्तले, दरबारही फार काळ टिकला नाही. आज मराठी ख्रिस्तमंदिरांतून त्यांची पदे मात्र पेटी-तबल्याच्या साथीवर म्हटली जातील.