टर्बोचा रॉड आवळण्याआधी गळती शोधा

“उस्ताद, गाडीला पिकअप नाही, टर्बो जरा टाइट करून द्या.” ही फर्माईश गॅरेजवाल्या बांधवांना नवी नाही. टर्बो पूर्वी ट्रकवाल्यांचा विषय होता. २००७ साली स्विफ्ट डिझेल आली, आणि आता तर छोट्या पेट्रोल गाड्यांतही टर्बो असतो. म्हणून दाब बांधण्याची रीत प्रत्येक कारागिराला ठाऊक हवी.

इंजिनाचा धूर टर्बोचे चाक फिरवतो, दुसरे चाक हवा दाबून इंजिनात भरते. दाब ठरल्यापेक्षा वाढू नये म्हणून वेस्टगेटची झडप जादा धूर बाजूने सोडते. ही झडप अ‍ॅक्च्युएटरची डबी उघडते. डबीत पडदा व स्प्रिंग असते. बारीक नळीने आलेला दाब स्प्रिंगवर मात करून रॉड ढकलतो. रॉड आखूड केला की झडप उशिरा उघडते व दाब वाढतो. फिरत्या पात्यांच्या टर्बोला मात्र ही रीत लागू नाही.

एक चूक आम्ही स्वतः केली आहे. एका डिझेल गाडीचा रॉड आम्ही दोन आटे आवळला. गिऱ्हाईक खूश होऊन गेले. महिन्याभरात गाडी परत आली. टर्बोची शाफ्ट ढिली, तेल फेकलेले. खरा दोष इंटरकूलरच्या फाटलेल्या होजपाइपात होता. गळती भरून काढायला टर्बो जास्त वेगाने फिरत राहिला. नव्या टर्बोचा खर्च आम्हाला सोसावा लागला.

तेव्हापासून आम्ही हा क्रम पाळतो.

१) टर्बोचे हवेचे तोंड बंद करून कॉम्प्रेसरची हलकी हवा भरावी व जोडांवर साबणाचे पाणी लावावे. मोठा पाइप फाटला तर दाब कमी मिळतो. डबीची बारीक नळी फाटली तर झडप उघडत नाही आणि दाब बेसुमार वाढतो.

२) हातपंपाने डबीत दाब द्यावा. मॅन्युअलमधील आकड्यावर रॉड हलला पाहिजे आणि दाब टिकला पाहिजे. उतरला तर पडदा फाटला समजावे.

३) झडप बंद असताना रॉड किंचित ओढूनच खिळीवर बसावा. फरक हवा तर एका वेळी अर्धा आटा फिरवावा व लॉकनट घट्ट करावा.

४) गेज केबिनमध्ये घेऊन, शेजारी माणूस बसवून, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढावी. काटा चढून एका जागी थांबावा. चढतच राहिला तर लगेच पाय काढावा.

५) सोलेनॉइड असेल तर आधी नळी थेट डबीला जोडून स्प्रिंगचा दाब मोजावा. सोलेनॉइड त्यावर दाब वाढवू शकतो, त्याखाली आणू शकत नाही.

आकडा वाचतानाही घोटाळा होतो. स्कॅनर बहुधा बाहेरच्या हवेचा सुमारे १ बार धरून आकडा दाखवतो. स्कॅनरवर २ बार म्हणजे गेजवर १ बार. हे न कळल्याने चांगल्या गाडीचाही रॉड आवळला जातो.

पेट्रोल गाडीत तर विशेष जपावे. दाब वाढला की नॉकिंग होते व पिस्टन फुटू शकतो. गिऱ्हाईक कितीही आग्रह करो, कंपनीचा आकडा ओलांडू नये. मोजलेला दाब बिलावर लिहून द्यावा. उद्या काही वाद झाला तर तोच कागद आपल्या कामी येतो.